शिशाचा उ

१

राजमती आक्का वॉर्डात पडल्या सकाळी आठला, आणि दहाच्या आत गुन्हेगारही ठरला. तानाबाई मावशी. पगार नऊ हजार, काम पेशंट उचलायचं, चुका झेलायच्या.

राजमती आक्का जयसिंगपूरजवळच्या. वय अडुसष्ट. कोल्हापूरच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पाय घसरला. कुणा भल्या रिक्षावाल्यानं राजारामपुरीतल्या डॉक्टर धैर्यशीलांच्या हॉस्पिटलात आणून सोडलं. एक्स-रे निघाला, खुब्याच्या हाडात केसाएवढी चीर दिसली, जयसिंगपूरला मुलाला फोन झाला, तो पोचायच्या आत उजव्या खुब्यात तीन स्क्रू बसले. चौथ्या दिवशी मावशीनं त्यांना धरून उभं केलं, त्यांनी डावा पाय टेकला आणि किंचाळून कोसळल्या. आता डावा खुबा पार मोडून सरकला होता.

डॉक्टर म्हणाले, "उजवा मी बसवला. डावा मावशीनं पाडून मोडला."

हे सगळं मला अनुजानं सांगितलं, माझ्या दारात, चप्पल न काढता. अनुजा माझी विद्यार्थिनी, त्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. मी संयोगिता. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले, त्यातली बारा वर्षं पोरींना शिकवलं. नोकरीतून निवृत्त झाले, रागातून अजून नाही.

"मॅडम, चार वाजता पोरगा येणार हाय त्यांचा. मावशीचा अंगठा घेणारेत कागदावर, की माझ्या हलगर्जीपणानं पेशंट पडला. मग पोलीस. आणि मॅडम…" तिनं मागं दार लोटलं. "एक्स-रे मीच काढलाय. मला आठवतंय, चीर डाव्याला होती."

"मग बोल की तसं!"

"बोलले. सरांनी कॉम्प्युटर उघडून दाखवला. चीर उजव्याला हाय."

"उ ठेवला होतास?"

"ठेवला होता."

उ म्हणजे काय ते सांगते. कॉम्प्युटरवर R आणि L ही अक्षरं कुणीही, कधीही टाइप करू शकतो. म्हणून माझ्या वर्गातली प्रत्येक पोरगी पहिल्या आठवड्यात शिशाच्या पत्र्यातून स्वतःच्या हातानं एक उ कापते. उजव्याचा उ. पेशंटच्या उजव्या अंगाला, खालच्या पाटीवर म्हणजे कॅसेटवर ठेवायचा आणि मगच बटण दाबायचं. शिसं एक्स-रे अडवतं, त्यामुळे फिल्मवर पांढराशुभ्र उ उमटतो. तो चित्राबरोबरच जन्माला येतो, मागून चिकटवता येत नाही.

"मग त्या उच्या कुठल्या बाजूला चीर आहे, एवढं बघायचं. भांडण कशाचं?" मी म्हटलं.

अनुजा रडायला लागली. "मॅडम, फिल्मवर उ न्हाईच हाय."

२

डॉक्टर धैर्यशील माणूस गोड. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी चहाला हात लावायच्या आत माझा अपमानही करून टाकला.

"मॅडम, तुमच्या पोरी चांगल्या असतात, पण डोक्यानं जरा हळव्या. मावशीची दया आली म्हणून हिला आता डावा आठवायला लागला."

"तुम्ही ऑपरेशनआधी फिल्म बघितली होती?"

"म्हणजे काय? थिएटरच्या खिडकीत उजेडाला धरून बघितली. तुमच्या पोरींचा तो ताईतही होता की, उ का काय तो, खुब्याशेजारी लख्ख. मी हसलो पण. म्हटलं, मॅडमनी बालवाडी काढली आहे का टेक्निशियनची?"

बालवाडी! माझ्या कानशिलात रक्त उसळलं. बारा वर्षं मी ज्यासाठी पोरींच्या बोटांना पट्ट्या बांधल्या, त्याला हा माणूस ताईत म्हणतो. रागाच्या भरात त्याचं पुढचं-मागचं काहीच मी नीट ऐकलं नाही. राग माझा, नुकसानही माझंच, पण ते मला नंतर कळलं.

"पेशंटला विचारलं नाहीत, कुठला पाय दुखतो म्हणून?"

त्यांनी केसपेपर सरकवला. डॉक्टरांच्याच अक्षरात ओळ होती: 'रुग्ण असंबद्ध बोलते.'

"बाई भ्रमात होती. दोन्ही अंगांना मुका मार. काही तरी एकच शब्द बरळत होती. अशा वेळी फिल्म हाच पुरावा. खुशाल बघा, विजयसिंह दाखवेल. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, तो ते सांगत बसत नाही. पण हे शहाणपण पुराव्यात धरत नाहीत. मी उठले आणि चहा तसाच ठेवला.

३

एक्स-रेची खोली म्हणजे मुळातली अडगळीची खोली. वर माळा, त्यामुळे मशीन खाली दाबून बसवलेलं. पूर्वेला एक खिडकी, पश्चिमेला दार. टेबलाची उशी उत्तरेला. पलीकडच्या कोनाड्यात कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर विजयसिंह, फायली आणि प्रिंट सांभाळणारा. तरणाबांड गडी, पण माझ्या नजरेला नजर देईना.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यानं मुकाट्यानं स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीकडं बोट केलं. म्हणजे झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना.

राजमती आक्कांची फिल्म उघडली. दोन्ही खुबे समोर. एका खुब्यात ती बारीक चीर, आणि शेजारी टाइप केलेला R. शिशाचा उ कुठंच नाही. मी उजेड वाढवला, कमी केला, काळ्या भागात डोळे घातले. अंगाबाहेरची मोकळी जागा फिल्मवर काळी येते, पण हा काळा कधी सपाट नसतो. एक्स-रे थेंबाथेंबानं पडतात, कुठं एक जास्त, कुठं एक कमी, म्हणून त्या काळ्यात बारीक रवा दिसतो. चीर नसलेल्या खुब्याशेजारी मात्र बोटाएवढा चौकोन असा होता, की त्यात रवाच नव्हता. निव्वळ काळा. रंगवलेला.

"इथं कुणीतरी काहीतरी झाकलंय, विजयसिंह."

"मला न्हाय म्हाईत, मॅडम. मी प्रिंट काढतो फक्त."

उ झाकला. कुणी? डॉक्टरांनी, की चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून घाबरून खुद्द अनुजानं? कॉम्प्युटरवर अक्षर पुसता येतं, अख्खं चित्र आरशासारखं उलटं करता येतं. डावा उजवा होतो, उजवा डावा. उलटं केल्यावर उसुद्धा उलटा दिसला असता, म्हणून तो झाकावा लागला, हेही शक्य होतं. मग विश्वास ठेवायचा कशावर?

ट्यूबवर. ट्यूब खोटं बोलत नाही.

एक्स-रेच्या ट्यूबमध्ये एका टोकाला तापलेली तार असते, दुसऱ्या टोकाला टंगस्टनची तिरपी चकती. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चकतीवर आपटतात आणि तिथं एक्स-रे तयार होतात. पण चकती तिरपी असल्यामुळे तिच्या अंगाला निघालेल्या किरणांना तिच्याच धातूतून वाट काढावी लागते आणि त्यातले काही तिथंच विरतात. तारेच्या अंगाचे मात्र बिनअडथळा सुटतात. पंगतीत वाढपी ज्या टोकाला उभा, त्या टोकाच्या पानात भात जास्त, तसं. जिकडं किरण जास्त, तिकडं फिल्म जास्त काळी. नव्या महागड्या मशीनमध्ये कॉम्प्युटर हा फरक पुसून टाकतो, पण इथं जुनी कॅसेटची पद्धत, त्यात माळ्यामुळे मशीन जवळ. झुकतं माप चांगलंच दिसत होतं.

मी ट्यूबवरच्या खुणा बघितल्या. मशीन आडवं बसवलेलं. तार खिडकीकडं, चकती दाराकडं. म्हणजे या खोलीत निघालेल्या प्रत्येक फिल्मची काळी बाजू ती खिडकीकडची. चित्र आरशात घाला, अक्षरं बदला, काळी बाजू म्हणजे खिडकी हे बदलत नाही. विजयसिंहाकडून मी वीस पेशंटच्या फिल्म उघडवल्या. विसांचंही डावं अंग काळं. बरोबर. उशी उत्तरेला, पाय दक्षिणेला असं उताणं झोपलं, की डावं अंग पूर्वेला, खिडकीकडं येतं.

आता आक्कांची फिल्म. चीर कुठल्या बाजूला? काळ्या की फिक्या?

फिक्या. म्हणजे दाराच्या बाजूला. म्हणजे उजव्या खुब्यात.

डॉक्टर खरं बोलत होते.

४

जिन्याखाली अनुजा उभी होती. माझ्या तोंडाकडं बघूनच तिचा चेहरा उतरला.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. वरच्या मजल्यावरचे नातेवाईक वाकून बघायला लागले, बघू देत. "उ चुकीच्या बाजूला ठेवलास, वर पुसलास, आणि आता मला आणून उभं केलंस! मावशीला वाचवायला खोटं बोलायचं होतं तर निदान माझ्याशी खरं बोलायचंस!"

"मॅडम, देवाशप्पथ, मी पुसला न्हाई."

"ट्यूब सांगते चीर उजव्याला!"

"तर मग माझंच चुकलं असंल," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणीही तिनं पुसलं नाही.

जिन्याच्या तळाशी तानाबाई मावशी फरशी पुसत होती. नेसरीकडची बाई, साठीला आलेली, काटक. अंगठा द्यायला अजून दोन तास होते आणि ती फरशी पुसत होती! मला तिचाही राग आला. इतकं सोसायचं कशाला माणसानं?

"मावशी, तुमच्यावर पोलीस केस होणार आहे. ठाऊक आहे ना?"

"व्हय. हुईल ते हुईल. माझ्याकडनं चुकलंच हुतं त्या आक्कांच्या बाबतीत."

"पाडलंत तुम्ही?"

"न्हाय बा! धरून हुते की. त्यांचा पायच निसटला. ते न्हवं, एक्स-रेच्या येळंला." तिनं आवाज खाली आणला. "सरांचा हुकूम हाय, पेशंट जसा ठरलाय तसाच टेबलावर घालायचा, लाड करायचं न्हाईत. पर आक्का काय ऐकंनात. म्हनल्या, दक्षिणंकडं पाय करून मला झोपवतीस व्हय गं? मी अजून जित्ती हाय! उठूनच बसल्या. मग मी उशी हिकडची तिकडं केली, आन उलटं झोपवलं. डोस्कं दक्षिणंला, पाय उत्तरंला. सरांना सांगू नगासा."

मी पायरीवर बसले.

"अनुजा," मी हळूच म्हटलं. इतक्या हळू मी वर्षात दोनदा बोलते. "हे खरं आहे?"

"व्हय की. फिल्म कॉम्प्युटरवर पाय वर करून आलती, मी फिरवून सरळ केली. असं म्हातारी माणसं करत्यात कधीमधी." ती गोंधळली. "त्यात काय सांगायचं, मॅडम?"

त्यात काय सांगायचं! बारा वर्षं मी पोरींना उ कापायला शिकवलं, आणि काय सांगायचं ते शिकवायचं राहिलं.

पाय उत्तरेला, म्हणजे खिडकीकडं आलं उजवं अंग. काळी बाजू ती उजवी. आणि चीर होती फिक्या बाजूला.

घड्याळात दोन वाजून गेले होते. "मावशी, तो पोछा ठेवा," मी म्हटलं. "चार वाजता माझ्याबरोबर आत यायचं. खुर्चीवर बसायचं."

५

अभिनंदन, आक्कांचा मुलगा, रुंद खांद्यांचा शेतकरी. रागानं त्याचा आवाज बसला होता. डॉक्टरांनी टेबलावर कागद आणि शाईचा पॅड मांडून ठेवलेला. तानाबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती.

"अंगठ्याआधी दोन मिनिटं," मी म्हटलं, आणि ट्यूब, तार, चकती, खिडकी, सगळं सांगितलं. अभिनंदनला ते डॉक्टरांच्या आधी कळलं. ऊस कुठल्या अंगानं वाकला म्हणजे वारा कुठला, हे कळणाऱ्या माणसाला यात अवघड काय?

"म्हंजे काळी बाजू खिडकीची. माझ्या अव्वाचं उजवं अंग खिडकीला. मग मोडल्यालं डावं," तो म्हणाला.

डॉक्टर हसले. "पुस्तकी गोष्टी. आणि उलटं झोपवलं हे सांगणार कोण? जिच्यावर केस होणार ती बाई!"

"सांगितलं तेव्हा मावशीला त्यातून आपण सुटतो हे ठाऊकही नव्हतं. ती तो आपला गुन्हा म्हणून लपवत होती. अनुजानंही तेच सांगितलं, आणि आक्काही सांगतील."

"बरं, समजा. मग चूक अनुजाची. तिनं फिल्म फिरवताना उलटी करून ठेवली असेल. मला जी मिळाली ती मी बघितली."

"मग तिच्यावर उ होता?"

त्यांनी शाईचा पॅड जरा बाजूला सरकवला.

"सकाळी तुम्हीच म्हणालात, डॉक्टर. खिडकीत धरली, खुब्याशेजारी उ लख्ख होता, मी हसलो पण. बालवाडी म्हणालात. त्या शब्दाचा मला इतका राग आला, की त्याच्या आधीचं वाक्य मी दोन वाजेपर्यंत गिळून बसले होते." मी कॉम्प्युटरवरून काढून आणलेली प्रिंट टेबलावर आपटली. "दाखवा यावर उ! इथं फक्त एक रंगवलेला चौकोन आहे. ऑपरेशनच्या वेळी उ होता आणि आज नाही. म्हणजे ही फिल्म ऑपरेशननंतर तयार झाली. उलटी केली, उलटा झालेला उ झाकला, R टाइप केला. अनुजाला ऑपरेशननंतर हे करायची गरज काय? ज्यानं चांगला खुबा फोडला, त्याला गरज. थिएटरमधली मूळ फिल्म कुठं आहे?"

"हरवली."

"हरवेलच!"

"मॅडम, आवाज खाली. त्या बाईनं एक शब्द धड सांगितला असता तर मी काय डावा-उजवा…" त्यांनी केसपेपर माझ्याकडं भिरकावला. "बरळत होती! विचारा याला. विजयसिंह, तूच होतास ना स्ट्रेचरजवळ?"

विजयसिंह दारात उभा होता. "व्हय. पाय धरून सारखं येडगाल, येडगाल करत हुत्या. आमाला वाटलं, येड लागलंय म्हातारीला. हसलो आमी."

अभिनंदननं एकदम वर बघितलं. मग उठला. टेबलाला दोन्ही हात टेकून तो डॉक्टरांच्या तोंडाजवळ गेला, आणि मला वाटलं आता हा मारणार.

"माझ्या अव्वाचं माहेर चिकोडीकडचं," तो म्हणाला. "दुखाय लागलं की तिच्या तोंडात कानडीच येतंय. येडगाल म्हंजे डावा पाय."



"मी सांगितलेलं," तानाबाई म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले तशी ती खुर्चीवरून उठायला लागली, मी खांदा दाबून तिला बसवलं. "आमच्या नेसरीकडं कळतंय थोडं कानडी. सरास्नी म्हनलं, त्या डावा पाय म्हनत्यात. सर म्हनले, मावशी, तू फरशी पूस."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चिडलेली आहे. पण त्या दिवसाइतकी कधीच नाही. एका बाईनं पहिल्या पाच मिनिटांत खरं सांगितलं होतं, दुसरीनं त्याचा अर्थही सांगितला होता. एकीला येडी ठरवलं, दुसरीला पोछा दिला.

विजयसिंह भिंतीला टेकला. "सरांनी फिल्म उलट्या बाजूनं धरलती," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "घाईत हुते, उ कुठल्या अंगाला हाय ते बघितलंच न्हाई. आज आक्का पडल्यावर मला म्हनले, कॉम्प्युटरवरली उलटी कर, त्यो उ झाक. मी केलं. मूळची फिल्म न्हाई हरवली. जाळायला दिलती, माझ्या गाडीच्या डिकीत हाय."

"का नाही जाळलीस?"

"न्हाई धाडस झालं, मॅडम."

तो जाऊन घेऊन आला. मी ती खिडकीत धरली. एका खुब्याशेजारी पांढरा, जरा वाकडा कापलेला उ. चीर दुसऱ्या खुब्यात. डॉक्टरांनी डोळे मिटले. अभिनंदननं मारलं नाही. त्यानं टेबलावरचा कागद उचलला, तानाबाईच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पावणं, हितं आता तुमचं नाव घाला."

६

पोलिसांचं पुढचं काम पोलीस करताहेत. ते सावकाश करतात, त्याचाही मला राग आहे, पण तो वेगळा.

तिसऱ्या दिवशी राजमती आक्कांना डाव्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या जुन्या दवाखान्यात हलवलं. नवी फिल्म हवी होती. माझ्या जागेवर आलेल्या पोरीनं मला आत येऊ दिलं. बरोबर अनुजा होती, आणि स्ट्रेचर ढकलत तानाबाई. राजारामपुरीतली नोकरी दोघींनीही सोडली होती.

आक्कांना टेबलावर घेताना त्यांनी माझं मनगट धरलं. "पाय कुणीकडं हायत गं माझं?"

मी खोलीभर नजर फिरवली. हजारो वेळा याच टेबलावर माणसं झोपवली, पण दक्षिण कुठं हे मी कधी बघितलंच नव्हतं. तानाबाई मुकाट्यानं उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवत होती. आम्ही आक्कांना फिरवलं. अनुजानं खिशातून उ काढला आणि उजव्या अंगाला ठेवला.

"आक्का, कुठला पाय दुखतोय?" मी विचारलं. फिल्म होती, केसपेपर होता, पोलिसांचा पंचनामा होता. तरी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझीच मान खाली गेली. "किती येळा सांगू तुमाला? येडगाल."

मी फॉर्म घेतला. डावा पाय असं लिहिलं, आणि त्याच्या पुढं त्यांचा शब्दही लिहिला, त्यांनी सांगितला तसा. मग आम्ही पडद्यामागं गेलो, आणि अनुजानं बटण दाबलं.